चटणीचा सीझन संपला की दसऱ्यापर्यंत सोशल मीडिया बंद ठेवायचाय, कुणी केलंय का असं?

चटणीवाली_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. जरा मोठं होणार आहे, वैतागून लिहितेय म्हणून आधीच सांगते.

मी कोल्हापुरात घरातनं कांदा-लसूण चटणी करून विकते. मार्च ते मे आमचा सीझन, संकेश्वरी आणि बेडगी मिरची आणायची, ऊन द्यायचं, देठं काढायची, कुटायला डंकावर नंबर लावून बसायचं आणि या सगळ्यात एक हात कायम मोबाईलवर. मोबाईलचं कव्हर मूळचं पांढरं होतं, आता कडेनं जो तांबडा रंग धरलाय तो साबणानं पण निघत नाही. इन्स्टावर रील टाकायचं, व्हॉट्सॲपला स्टेटस टाकायचं, फेसबुकवर महिलांच्या ग्रुपात टाकायचं, आणि प्रोफाइलच्या अगदी वर पाव किलो अर्धा किलो सगळे भाव लिहिलेत तरी खाली कमेंटमध्ये 'पीपी', म्हणजे प्राइस प्लीज. रात्री साडेअकराला 'भाव काय ताई'. भाव सांगितला की माणूस गायब.

पण ते चालायचंच, धंदा आहे, त्यातनंच घरात चार पैसे येतात. माझं दुखणं वेगळं आहे. पाऊस लागला की मिरची वाळत नाही, ऑर्डरी थांबतात, तरी हात काही थांबत नाही. स्टेटस टाकलं की ते कुणी कुणी बघितलं ती यादी उघडायची आणि भावकीतल्या कुठल्या वहिनीनं बघून पण काही विचारलं नाही ते मनात धरून बसायचं, हे मी करायला लागलेय. नवरा परवा म्हणाला, तू चटणी विकतेस का हजेरी घेतेस. राग आला पण काय बोलणार.

तर आता ठरवलंय की मे संपला की दसऱ्यापर्यंत सगळं बंद. यंदा ज्येष्ठ अधिक आलाय म्हणून दसरा पण लांब गेलाय, ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, म्हणजे चांगले साडेचार महिने मिळतात. प्रश्न असा की बंद म्हणजे नक्की काय बंद करायचं? इन्स्टाचं खातं घालवलं तर इतक्या वर्षांत जमवलेली गिऱ्हाइकं जातील का? व्हॉट्सॲप काढलं तर लोकांना काय दिसतं? पोराच्या शाळेचा ग्रुप आहे, गल्लीचा आहे, भिशीचा आहे. आणि ज्यांनी खरंच महिनोनमहिने असं केलंय त्यांनी सांगा की रात्री जेवणं झाल्यावर भांडी घासून जो तास दीड तास उरतो त्यात तुम्ही करता काय, कारण मला भीती त्याचीच आहे.

'मन खंबीर ठेवा' टाइप सल्ले नकोत, ते माझ्याकडं पोत्यानं आहेत.

---

रंकाळ्याचा_बगळा

ताई आमच्यातल्या एकानं पाडव्याला स्टेटस टाकलेलं, 'आजपासून सोशल मीडियाला रामराम'. संध्याकाळी त्या स्टेटसला कितीजणांनी बघितलं ते बघायला परत आला. तवापासून हितंच हाय.

बाकी तुम्ही न सांगता गुमान निघा, एवढंच माझ्याकडनं.

---

हँडसेट_डॉक्टर

माझं शाहूपुरीत मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, हा प्रश्न काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं आणि निम्मी माणसं नको ते बटण दाबून मग माझ्याकडं येतात, म्हणून नीट लिहितो.

इन्स्टाला दोन वाटा आहेत. एक डीॲक्टिव्हेट, त्यात तुमचे फोटो, कमेंट, लाईक सगळं लोकांना दिसायचं बंद होतं पण आत जसंच्या तसं राहतं, परत लॉगिन केलं की सगळं उघडं. फक्त हे आठवड्यातनं एकदाच करता येतं, आज बंद उद्या चालू परवा बंद असा खेळ जमत नाही. दुसरी डिलीट, त्यात ३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात लॉगिन केलं तर वाचलं, नाहीतर गेलं ते गेलंच. तुम्ही डिलीटच्या जवळपास पण फिरकू नका.

आता गंमत बघा, तुमच्या केसमध्ये मी डीॲक्टिव्हेट पण करू नका म्हणेन. गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये तुमचं नाव शोधणार, त्याला काहीच दिसणार नाही, तो म्हणणार ताईंनी धंदा गुंडाळला. त्यापेक्षा प्रोफाइल राहू दे, वर बायोमध्ये 'नवीन चटणी दसऱ्यानंतर' लिहा, एक पोस्ट पिन करा, लॉगआउट करा आणि ॲप काढून टाका. पासवर्ड वहीत लिहा, बिलाच्या मागं लिहू नका.

फेसबुकला डीॲक्टिव्हेट केलं तरी मेसेंजर चालू राहतं, ते वेगळं बंद करावं लागतं. आणि दुसऱ्या कुठल्या ॲपात 'फेसबुकनं लॉगिन' ठेवलं असेल आणि चुकून ते दाबलं तर फेसबुक परत जिवंत होतं. मग माणसं म्हणतात आपोआप चालू झालं, आपोआप काही होत नाही.

खरा घोळ व्हॉट्सॲपचा आहे. ॲप काढलं म्हणजे खातं बंद झालं असं नाही. समोरच्याला तुमचा डीपी दिसतो, तो मेसेज पाठवतो, एकच टिक येते, तो म्हणतो आज ना उद्या बघतील. तो मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर ३० दिवस थांबतो, तेवढ्यात तुम्ही आला नाहीत की पुसला जातो, नंतर तुम्ही ॲप टाकलं तरी तो कधीच येणार नाही. आणि सलग १२० दिवस वापर नसला तर खातंच काढून टाकतात, म्हणजे सगळ्या ग्रुपातनं पण बाहेर. तुमचा जून ते दसरा १२० च्या वर जातोय, मोजून बघा. 'कॉम्प्युटरवर चालू ठेवते' असं कुणी सुचवलं तर ते पण लक्षात ठेवा, मूळ फोनवर १४ दिवस व्हॉट्सॲप उघडलं नाही की जोडलेली बाकीची सगळी मशिनं लॉगआउट होतात.

म्हणून धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर आधी वेगळा करा. धंद्याच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, त्यात अवे मेसेज लावता येतो, गिऱ्हाइकानं काही पाठवलं की आपोआप उत्तर जातं. एक मेख आहे, त्या फोनला नेट चालू असलं तरच ते उत्तर जातं. तेव्हा घरात पडलेला जुना हँडसेट काढा, वायफायला जोडा आणि कपाटात ठेवा.

---

चटणीवाली_राजारामपुरी

भाऊ हे फार कामाचं झालं. १२० दिवसांचं मला अजिबात माहीत नव्हतं, मी सरळ ॲप काढून मोकळी होणार होते. जुना हँडसेट आहे, सासऱ्यांचा, काच तडकलेली पण चालू आहे.

---

दुधाळीकर

वहिनी सगळं करा पण जुलै-ऑगस्टात गल्लीचा ग्रुप सोडू नका. तुम्ही राजारामपुरीत उंचावर हाय, तुम्हाला पाणी दिसत न्हाई, आमचं तसं न्हाई. आम्ही दुधाळीत राहतोय, २०१९ ला महापूर बघितला आणि २०२१ ला परत बघितला, दोन्ही वेळेला पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याला पातळी ५५ फुटांच्या वर गेलती. ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका, हे आमच्या गल्लीत शाळेतल्या पोराला पण पाठ हाय. त्या दिवसांत रात्री दोन वाजता कुणाची गाडी कुठं लावायची, कुणाची म्हातारी वरच्या मजल्यावर अडकल्या, कुठल्या शाळेत सोय केल्या, हे सगळं ग्रुपवरच चाललेलं. तेव्हा कुणी म्हणलं असतं की मी डिटॉक्स करालोय तर आम्ही त्याला उचलून पंचगंगेत नेला असता.

पण एक मान्य करतो. त्याच ग्रुपवर जुने व्हिडिओ पण यायचे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले म्हणून कुणीतरी दोन वर्षांपूर्वीचं शूटिंग टाकणार, खाली पन्नास जणांचं 'बापरे', आणि आमची आई आवराआवर करायला लागणार. खरं काय ते शेवटी जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन लावूनच कळायचं. १०७७ नंबर हाय, टोल फ्री, साध्या फोनवरनं लागतो, वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

माझं मत, गल्लीचा एक ग्रुप घरात एकाच माणसाच्या फोनवर असू द्यात. तुमच्या मिस्टरांच्या फोनवर ठेवा. सगळ्या घरानं मिळून तेच तेच वाचायची काय गरज हाय?

---

तालमीतला_गोलकीपर

ताई मी केलंय. मागचा फुटबॉल सीझन संपला तवा इन्स्टा काढलं ते अजून टाकलेलं न्हाई, फेसबुक त्याच्या आधीच गेलतं.

माझं कारण वेगळं होतं. आपल्याकडं शाहू स्टेडियमवर मॅच असली की काय असतंय तुम्हाला म्हाईत हाय, अर्धं कोल्हापूर तिथं. मैदानावर नव्वद मिनिटांत विषय संपतोय पण फॅन पेजवर रात्री दोनपर्यंत चालू, त्याच्या तालमीच्या टीमला हा बोलला, ह्याच्या गोलकीपरला त्यानं मीम केला. गोलकीपर म्हणजे मीच. सकाळी प्रॅक्टिसला डोळे उघडत न्हवते. ज्याच्यासंगं रात्री कमेंटमध्ये आईबाप काढले तो सकाळी मिसळीच्या गाड्यावर शेजारीच बसलेला असायचा आणि 'पाव सरकव रं' म्हणायचा, म्हणजे त्याला पण काय पडलेलं न्हवतं.

काढल्यावर पहिले काही दिवस लई येड्यासारखं झालं. स्क्रीनवर जिथं इन्स्टाचं चिन्ह होतं तिथं बँकेचं ॲप सरकून आलेलं, अंगठा आपोआप तिथंच जायचा आणि मी दिवसातनं कितीदा तरी बॅलन्स बघायचो. बॅलन्स काय वाढत न्हवता. मग हात यूट्यूबच्या शॉर्ट्सकडं वळला, आणि हे तुम्हाला पण होणार हाय, लिहून ठेवा. एक काढलं की दुसरं सापडतंय. त्यावर मला एकानं सांगितलं की यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन वॉच हिस्टरी बंद कर आणि जुनी पुसून टाक. केलं, तर उघडल्यावर पहिलं पानच रिकामं, काय दाखवायचं तेच त्याला कळेना. मग जे पाहिजे ते शोधून बघायचं, आपसूक काय समोर येत न्हाई. मला या एका गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा कशानं न्हाई पडला.

रात्रीच्या तासाचं विचारलात. मी जेवून गंगावेशला जातो, दूध कट्ट्यावर. म्हशी उभ्या असत्यात, समोर धार काढून ग्लास हातात देतात, वर बोटभर फेस, दूध अजून कोमट असतंय. तिथं उभ्या उभ्या जी माणसं भेटतात त्यांच्याशी बोलण्यात पाऊण तास कसा जातो कळत न्हाई. एक रेड्याच्या टकरीवर बोलणारा म्हातारा हाय, रोज तेच सांगतो, तरी ऐकतो. मला कबूल हाय की ही सोय पुरुषांना हाय, बायकांना रात्री साडेनऊला कट्ट्यावर जाऊन उभं राहता येत न्हाई, ते तुमचं तुम्हाला बघावं लागंल.

आणि तोटा पण सांगतो, कारण कुणी सांगत न्हाई. माझ्यासंगं शाळेत असलेल्या एकाचे वडील गेले. त्यानं स्टेटसला टाकलेलं, फोन कुणाकुणाला करणार तो. मला कळलंच न्हाई, मातीला न्हाई, रक्षाविसर्जनाला न्हाई. दोन आठवड्यांनी बिंदू चौकात भेटला, टक्कल केलेलं होतं, मी विचारलं काय रं तिरुपतीला गेलतास का. तो काय बोलला न्हाई, मान हलवली आणि गाडीला किक मारली. तवापासून मी चार मित्रांना सांगून ठेवलंय की असलं काय असलं तर मला साधा फोन टाका. तुम्ही पण आधीच सांगून ठेवा, माहेरची दोन आणि सासरची दोन माणसं धरून.

---

कट्ट्यावरची_एमएस्सी

वरच्या दादांचं वाचून बरं वाटलं पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी शिवाजी विद्यापीठात शिकते, गाव चंदगडकडं. हे जे चाललंय की फोन बाजूला ठेवला की आयुष्य सुधारतं, ते ज्यांना कट्टा आहे, तालीम आहे, गल्ली आहे त्यांना ठीक आहे. मी हॉस्टेलला राहते, माझ्या बारावीच्या मैत्रिणी लग्न होऊन कुठं कुठं गेल्यात, एक बेळगावला एक गोव्यात, त्यांच्याशी माझं जे काही आहे ते इन्स्टाच्या मेसेजवर आहे. त्यातल्या एकीला घरातनं फोनवर बोलू देत नाहीत, म्हणजे कुणाशी बोलतेस म्हणून विचारतात, पण रील पाठवलेलं कुणाला कळत नाही. ती मला दिवसाला एक रील पाठवते, कधी कुत्र्याचं कधी रेसिपीचं, आणि मला समजतं की ती बरी आहे. मी सहा महिने बंद केलं तर तिनं काय करायचं?

शिवाय आमच्या डिपार्टमेंटची नोटीस बोर्डावर चार दिवसांनी लागते, ग्रुपवर लगेच येते. परीक्षेचा फॉर्म, लॅबची वेळ, सगळं.

७ जून २०२३ आठवतंय का, शहरात स्टेटसवरनं जी दगडफेक झाली आणि मोबाईल नेट बंद केलेलं? सोशल मीडियानं काय होऊ शकतं ते त्या दिवशी दिसलं हे मला मान्य आहे. पण त्याच वेळी हॉस्टेलवर आम्हाला बाहेर काय चाललंय ते कळत नव्हतं आणि घरच्यांना आमचं कळत नव्हतं. तेव्हा पण काही जण म्हणत होते की बघा नेट नाही तर किती शांत वाटतंय. मला काही शांत वाटलं नाही.

ताईंनी बंद करावं, त्यांचं कारण पटतंय. फक्त सगळ्यांनी करावं असा सूर लावू नका एवढंच.

---

तालमीतला_गोलकीपर

सगळ्यांनी करावं असं कोण म्हणालंय? ताईंनी विचारलं म्हणून सांगितलं. पण तुमच्या मैत्रिणीचं वाचून गप्प झालो, हे डोक्यात आलंच नव्हतं.

---

निवृत्त_मास्तर_कागल

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही तपासून बघता येतील अशा.

पहिली अमेरिकेतली. २०१८ मध्ये तिथल्या निवडणुकीच्या आधी स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं आणि बाकीच्यांशी त्यांची तुलना केली. हंट ऑलकॉट हे त्यातलं पहिलं नाव, २०२० मध्ये निबंध छापून आला. ज्यांनी बंद ठेवलं त्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला. त्यातला काही वेळ घरच्यांत आणि मित्रांत गेला, आणि काही वेळ एकट्यानं टीव्ही बघण्यात गेला, ही गोष्ट कुणी सांगत नाही. मनाला थोडं बरं वाटलं, पण थोडंच. बातम्यांची माहिती कमी झाली, राजकारणावरनं टोकाला जाणंही कमी झालं. आणि मला यातलं सगळ्यात रंजक वाटतं ते हे, की प्रयोग संपल्यावर पैसे मिळायचे बंद झाले तरी ती माणसं पूर्वीएवढी फेसबुकवर परत गेली नाहीत. म्हणजे ताई, तुम्ही दसऱ्याला परत आलात तरी आहे तशा परत याल असं नाही.

दुसरी आपल्या शेजारची. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथं २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही, मोबाईल दीड तास बंद. साडेआठला परत भोंगा. कोरोनात पोरं ऑनलाइन शाळेच्या निमित्तानं मोबाईलला चिकटली ती सुटेनात, म्हणून गावानं ठरवलं. मी शिक्षक म्हणून एवढंच सांगेन की एकट्या पोराला 'मोबाईल ठेव' म्हणून तो ठेवत नाही, शेजारच्या घरातला पण बंद झाला की ठेवतो. मोठ्यांचंही तेच. घरात तुम्ही भांडी घासून बसणार आणि समोर मिस्टर सोफ्यावर रील बघत हसणार, तर तुमचा जून पण निघणार नाही.

आणि गोलकीपर साहेब, एक काढलं की दुसरं सापडतं हे तुम्ही बरोबर बोललात. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाचं रील्स आलं, सप्टेंबरात यूट्यूबचं शॉर्ट्स आलं. सरकारनं एक दुकान बंद केलं, गिऱ्हाईक समोरच्या दोन दुकानांत गेलं. गिऱ्हाईक तेच.

---

रंकाळ्याचा_बगळा

मास्तर, आपल्या राजारामपुरीत सात वाजता भोंगा वाजवला तर पहिल्यांदा लोक भोंग्याचा व्हिडिओ काढतील.

---

निवृत्त_मास्तर_कागल

त्याचीच भीती आहे.

---

चटणीवाली_राजारामपुरी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मिस्टरांना पण वाचायला दिलं, सोफ्याचं वाक्य वाचून ते उठून गॅलरीत गेले.

तर आता असं ठरतंय. अधिक महिना १५ जूनला संपतोय, तोवर नणंदेकडचं धोंड्याचं जेवण वगैरे आहे, ते फोटो टाकल्याशिवाय ती सोडणार नाही, आणि मला त्यावरनं घरात वाद नकोत, म्हणून तिथनं पुढं. इन्स्टाचं प्रोफाइल राहू देणार, बायोत दसऱ्याचं लिहिणार, ॲप काढणार. फेसबुक डीॲक्टिव्हेट, त्याचा मला तसाही उपयोग नाही, त्या महिलांच्या ग्रुपात निम्म्या बायका चटणीच विकतात. गल्लीचा ग्रुप यांच्या फोनवर, दुधाळीकर भाऊ तुमचं ऐकलं, १०७७ पण फ्रिजवर लिहून चिकटवलाय. शाळेच्या ग्रुपला मी वर्गशिक्षिका बाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या वडिलांना घ्या ना ग्रुपात, वडील कुणाचेच नाहीत. आता हे एकटेच वडील असणार तिथं, बघू काय होतंय. भिशीचं दर महिन्याला मी समोर जाऊनच देते, ग्रुपवर नुसत्या गुड मॉर्निंगच्या फुलांचा ढीग असतो.

एमएस्सी, तुझं पटलं गं. मी माझ्या एका मावसबहिणीला असाच एक जोक रोज पाठवते, ती नाशिकला एकटी असते, तिला आता संध्याकाळी फोन करणार. साधा फोन. तिला आधी विचारलं की चालेल का, तर म्हणाली जोक पण सांग मग फोनवर.

स्टेटसची यादी कशी बंद करायची ते मात्र कुणीच सांगितलं नाही. घरच्या नंबरवर व्हॉट्सॲप राहणारच आहे, मग मी स्टेटस टाकलं की परत तेच बघत बसणार.

---

हँडसेट_डॉक्टर

स्टेटस टाकू नका, ही झाली पहिली गोष्ट. तेवढं जमत नसेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन रीड रिसिप्ट बंद करा. मग तुमचं स्टेटस कुणी बघितलं ते तुम्हाला दिसायचं बंद होतं. बदल्यात तुम्ही दुसऱ्याचं बघितलेलं त्यांनाही दिसत नाही आणि निळ्या टिकापण जातात. वन टू वनला एवढंच, ग्रुपात निळ्या टिका तशाच राहतात. म्हणजे भावकीतल्या वहिनींची हजेरी लागायचीच बंद.

तिथंच ग्रुपचं सेटिंग आहे, तुम्हाला ग्रुपात कोण घालू शकतं ते. 'माझे काँटॅक्ट' करून ठेवा, नाहीतर गणपतीत नवीन दहा मंडळांच्या ग्रुपात तुम्ही असाल. बाकी नको असलेले ग्रुप अर्काइव्ह करा, नवा मेसेज आला तरी ते वर येत नाहीत. सोडायचा असेल तर आता गुपचूप सोडता येतं, फक्त ॲडमिनला कळतं.

आणि तो जुना हँडसेट. १५ जूनपासनं धरलं तरी दसऱ्यापर्यंत १२० पार होतात, पण तो फोन नेटवर चालू राहणार असल्यानं त्याला अडचण नाही. अडचण बॅटरीची आहे. महिनोनमहिने चार्जरला लावून कपाटात बंद ठेवलेली जुनी बॅटरी फुगते, मग मागचं झाकण उचललं जातं, असे फोन माझ्याकडं दर पावसाळ्यात येतात. मी आधी कपाटात म्हणालो खरं, पण कपाटात ठेवू नका, हवेशीर जागी ठेवा, आणि रोज सकाळी तासभर चार्ज करून चार्जर काढायचं काम पोराला द्या. आधी एकदा दुकानात आणून दाखवा, बॅटरी फुगलेली असेल तर बदलूनच सुरू करू. काच राहू दे तशीच, तुम्हाला बघायचं कुठंय त्यात.

---

चटणीवाली_राजारामपुरी

रीड रिसिप्ट आत्ताच बंद केलं. शनिवारी हँडसेट घेऊन येते, दुकान किती वाजेपर्यंत असतं?

---

हँडसेट_डॉक्टर

साडेआठ. दुपारी दोन ते चार बंद. येताना पाव किलो घेऊन या, भाव प्रोफाइलवर बघितलाय.